बिनदाढीची मुंगी

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता आणि याचा त्यांना चांगला अभिमान होता. भाजीवाल्याच्या तराजूकडे त्या अशा काही बघायच्या की तो बिचारा न मागता एक टोमॅटो जास्त टाकून मोकळा व्हायचा. घराला कुलूप लावलं की त्या ते ओढून बघत, जिना उतरत, पुन्हा वर जाऊन ओढत आणि मग खात्रीसाठी नवऱ्याला पाठवत. नवरा जिन्याच्या वळणावर जरा वेळ उभा राही आणि परत येऊन सांगे, "लागलंय." तो कुलपापर्यंत जातच नाही असा बाईंना संशय होता, आणि तो खरा होता.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण बाईंचं पोटच मुळी संशयावर चालत होतं. शहरातल्या संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर कीटक विभाग होता आणि तिथल्या मुंग्या बाईंच्या ताब्यात होत्या. तुम्हाआम्हाला मुंगी म्हणजे मुंगी. फार तर लाल की काळी आणि चावते की नाही, एवढंच आपण विचारतो. बाईंच्या कपाटांत मात्र हजारो मुंग्या टाचण्यांवर उभ्या होत्या. टाचणीला कागदाचा बारीक त्रिकोण, त्रिकोणाच्या टोकावर डिंकाचा थेंब, थेंबावर मुंगी. एकीच्या पाठीवर खाच आहे आणि दुसरीच्या नाही, एकीच्या गालावर रेघा आहेत आणि दुसरीचा गाल गुळगुळीत आहे, अशा भानगडींवरून कोण कुठल्या जातीची हे ठरायचं. "नवी जात सापडली!" म्हणून कुणी धापा टाकत आला की बाई त्याची मुंगी मायक्रोस्कोपखाली धरत, चहूबाजूंनी फिरवून बघत आणि मग मान वर न करता म्हणत, "जुनीच आहे."

हे दोन शब्द ऐकून खाली मान घालून जिना उतरलेली माणसं कमी नव्हती. आणि बाईंचं चुकलंय असं एकालाही कधी सिद्ध करता आलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

फक्त एक गोष्ट बाईंना आतून कुरतडत होती. दुसऱ्यांच्या नव्या जाती जुन्या ठरवण्यात केस पांढरे झाले, पण त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकही जात नव्हती. निवृत्ती तोंडावर आली होती. एकदा त्या घरी बसल्या की कपाटांतल्या मुंग्या तशाच उभ्या राहणार आणि त्यांतल्या एकीलाही बाईंनी नाव दिलेलं नसणार. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याला तेवढं ठाऊक होतं.

त्याच विभागात, पलीकडच्या टेबलावर, एक तरुण मुंगीतज्ज्ञ बसायचा. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव साळसूद ठेवलं होतं. आवाज हळू, पाऊल हळू, आपला चहा घेतला की दुसऱ्याचाही कप उचलून ठेवणार. इतकं चांगलं कुणी उगाच वागतं का? बाईंच्या हिशेबात तर नाहीच. शिवाय साळसूदकडे बाईंवर डूख धरायला कारणही होतं. नोकरीला लागला त्या वर्षी त्याने मोठ्या हौसेने एक नवी जात जाहीर केली होती. लहान डोक्याची, फुगीर पोटाची मुंगी. भरल्या सभेत तो पडद्यावर चित्रं दाखवत असताना बाई मागच्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "पोट चिरून बघितलंत का? आत जंत असणार. ही नवी जात नाही, ही आजारी मुंगी आहे." पोट चिरलं, आत जंत निघाला. सभा हसली. साळसूदही हसला, आणि तेव्हापासून बाई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या. भर सभेत असा अपमान झाल्यावर जो हसतो, त्याच्या मनात काय शिजत असेल याचा काय नेम!

शहराच्या बाहेर, वस्ती संपल्यावर, एक कोरडं पठार होतं. वाळू, दगड, मधूनच वाळलेलं खुरटं झाड. पाऊस तिकडे वाट चुकून येई. त्या पठारावर भर दुपारी, दगडावर हात ठेवला तर भाजेल अशा उन्हात, एक मुंगी पळते. बाकीचे प्राणी बिळांत दडलेले असताना ही उंच पायांवर सुसाट निघते, उन्हाने मेलेला एखादा किडा उचलते आणि परत बिळात. हिच्या जातकुळीतल्या, दूरदूरच्या कोरड्या मुलुखांत राहणाऱ्या सगळ्या मुंग्यांना हनुवटीखाली लांब वाकड्या केसांची दाढी असते. बीळ खोदताना वाळूचा गोळा त्या दाढीत धरून बाहेर आणून टाकायचा. वाळूत राहणाऱ्या मुंगीला दाढी म्हणजे आपल्याला टोपली.

बाई एकट्याच पठारावर गेल्या. वाळलेल्या एका झाडाच्या बुंध्याशी बीळ सापडलं, तिथल्या मुंग्या त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत भरल्या आणि बिळाशेजारच्या दगडावर पांढऱ्या रंगाने खूण केली. एवढ्या चिमुकल्या जिवाचं तोंड नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार, पण ती चाल, ते लांब पाय आणि तो तांबूस रंग बघून बाई वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. या पठारावरून अशी मुंगी कुणी कधी आणलेली नव्हती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाटली ऑफिसात नेली असती, चार मुंग्या तशाच स्पिरिटमध्ये ठेवल्या असत्या, बाकीच्या स्वतःच्या हाताने मायक्रोस्कोपखाली बसवल्या असत्या. बाई एरवी हेच करायच्या. पण ऑफिसात साळसूद होता. बाटली उघडली की त्याला दिसणार, दिसली की विचारणार, विचारलं की पठारावर जाणार आणि आपल्याआधी छापून मोकळा होणार. या धंद्यात जो आधी छापतो त्याने दिलेलं नाव राहतं. बाईंनी बाटली पर्समध्ये घातली आणि घरी आणून नवऱ्यापुढे ठेवली.

नवरा कॅमेरे दुरुस्त करायचा. बाजारातल्या बोळात त्याचं एवढंसं दुकान होतं, आणि लोकांनी फोनमध्ये फोटो काढायला सुरुवात केल्यावर ते हळूहळू बंदच पडलं. दुकान गेलं पण हत्यारं घरी आली. डोळ्याला लावायचं भिंग, केसासारखा चिमटा, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश. रिकामा हात त्याला सोसत नसे. म्हणून बाई त्याला बागेतल्या, अंगणातल्या साध्यासुध्या मुंग्या टाचणीवर बसवायला देत. तो त्या इतक्या सुबक बसवायचा की बाईंना नाव ठेवायला जागा सापडत नसे, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटे.

"या वाळूतल्या आहेत," बाई म्हणाल्या. "पाय मोडू देऊ नका. आणि कुणाला सांगू नका."

"मी कुणाला सांगतोय!" नवरा म्हणाला.

त्याने सगळ्या बसवल्या. बाटलीत एकही ठेवली नाही. बायकोचं एवढं महत्त्वाचं काम आहे, अर्धवट कसं द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर बाईंनी पहिली मुंगी मायक्रोस्कोपखाली धरली. हनुवटीखाली बघितलं. दाढी नव्हती. दुसरी घेतली, तिसरी घेतली. एकीलाही दाढी नव्हती. वाळूत राहणारी, वाळू उपसणारी, आणि हनुवटी लख्ख! बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, पुन्हा येऊन बसल्या. मग पन्नाशी कधीच ओलांडलेल्या त्या बाईने रिकाम्या खोलीत तोंडावर पदर धरून रडून घेतलं.

मग कामाला लागल्या. डोकं मोजलं, पाय मोजले, डोळ्याचा आकार, कमरेची गाठ, सगळं लिहून काढलं. चित्र काढलं. हनुवटीखाली दाढीच्या जागी बारीक खळग्यांची एक रांग दिसत होती. बाईंनी ती रांगही इमानदारीने चित्रात उतरवली आणि खाली लिहिलं की ही या जातीची खास खूण. हीच मुंगी दुसऱ्या कुणी आणली असती, तर बाईंनी त्या खळग्यांवर बोट ठेवून माणसाला घाम फोडला असता. पण माणूस जगाची झडती घेतो आणि स्वतःच्या खिशात हात घालत नाही, तसं झालं. बाईंना ती मुंगी नवी हवी होती. हवी होती म्हणून ती नवी होती.

नाव काय द्यायचं यावर त्यांनी फार विचार केलाच नाही. नवऱ्याच्या नावाला लॅटिनचं शेपूट लावलं आणि लेख पाठवून दिला. लेख स्वीकारल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "माझं? मुंगीला?"

"जगबुडी होईपर्यंत," बाई म्हणाल्या. "नाव एकदा लागलं की जात नाही."

त्यानंतर नवऱ्याने कुणाला सांगू नये ही अपेक्षा करणं बाईंची चूक होती. इस्त्रीवाल्याला कळलं, किराणावाल्याला कळलं, समोरच्या घरातल्या काकूंना तर त्याने मुंगीचं चित्रच नेऊन दाखवलं. "दाढी नाही हिला," तो सांगायचा. "खास आहे." बाजारात त्याला साळसूद भेटला, तेव्हा बिळाजवळच्या खुणेच्या दगडापर्यंत सगळी कथा त्याने रंगवून सांगितली. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एका सकाळी साळसूदच्या बुटांवर तांबडी धूळ आहे. तांबडी धूळ फक्त पठारावरची.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्या दिवसापासून बाईंचं खाणंपिणं गोड लागेना. मुंग्यांच्या कप्प्याची किल्ली त्या गळ्यात घालून हिंडू लागल्या. कप्प्याच्या मुठीला पावडर लावून ठेवली, म्हणजे कुणाचा हात लागला तर ठसा उठेल. ठसा उठला. बाईंनी भिंग लावून तो तपासला, तर तो त्यांचाच होता, कारण कप्पा उघडून पावडर टिकली आहे की नाही हे बघणाऱ्याही त्याच होत्या. साळसूद हळू आवाजात फोनवर बोलला की बाईंचे कान टवकारत. तो मोठ्याने बोलला तर त्यांना वाटे, हे मुद्दाम ऐकवायला चाललंय. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं.

आणि मग एके दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, साळसूद एकटाच खोलीत परत आला आणि त्याने पाठीमागे दार लावलं.

"दार कशाला लावलंत?" बाई उभ्याच राहिल्या.

"जरा बोलायचं होतं, बाई." त्याने टेबलावर एक बाटली ठेवली. "पठारावर गेलो होतो. तुम्ही खूण केलेल्या दगडाशेजारच्या बिळातल्या या मुंग्या आहेत. तुमच्या यजमानांनी जागा सांगितली होती."

"यजमानांनी?"

"सहज बोलण्यात आलं. बाई, यांना दाढी आहे."

बाईंनी बाटली उचलूनही बघितली नाही. "मग त्या दुसऱ्या असतील."

"बाकी सगळं जुळतं. पाय, कंबर, गालावरच्या रेघा. आणि बीळ तेच आहे." तो खाली बघत होता. "यातल्या निम्म्या तुमच्यासाठी आणल्यात. बसवल्या नाहीत. तुम्हीच बसवा, तुम्हीच बघा. मी अजून कुणाला बोललो नाहीये."

तो गेला. बाई त्या एका शब्दावर अडकल्या. अजून! अजून बोललो नाही म्हणजे काय? म्हणजे बोलणार. म्हणजे गप्प राहण्याबद्दल काहीतरी मागणार. दार लावून येण्यामागे हेच काळंबेरं होतं तर.

त्यांनी कप्पा उघडला. आपली पहिली मुंगी, जिच्यावरून जात ठरवली होती ती, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि सगळ्यात मोठं भिंग लावलं. या वेळी मात्र त्या दुसऱ्याची मुंगी बघावी तशी बघत होत्या. खळग्यांची रांग दिसली. एका खळग्यात काहीतरी होतं. बारीक, काळं, तुटलेलं. केसाचा खुंट.

दाढी होती. कुणीतरी ती उपटली होती.

दुसऱ्या कुणालाही यानंतर विचार करावा लागला असता. बाईंना लागला नाही. कुणाच्या हाती हे करण्याएवढं कसब आहे? साळसूदच्या. कुणाला बाईंना भर सभेत तोंडघशी पाडायचं आहे? साळसूदला. आधी रात्रंदिवस शेजारी बसून दाढ्या उपटायच्या, मग दाढीवाल्या मुंग्या घेऊन साळसूदपणे दारात उभं राहायचं! चित्र काढण्याच्या आधीच दाढ्या गेल्या असतील तर कप्प्याला कुलूप लावायच्याही आधी त्याने डाव साधला, हाही धागा त्यांनी नीट जुळवून टाकला. तडक त्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. आपल्या कारकिर्दीत काहीही घडू नये एवढीच विभागप्रमुखांची इच्छा असायची. ते म्हणाले, "हा फार गंभीर आरोप आहे, बाई. सिद्ध झाला तर त्याची नोकरी राहणार नाही. उद्या सकाळी दोघांना समोर बसवतो."

"बसवा," बाई म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा उजेड होता अजून. साळसूदची बाटली त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, नवऱ्याला म्हणाल्या, "हिला हात लावू नका, हा पुरावा आहे," आणि चहा टाकायला आत गेल्या. नवरा बाटली बघण्यात गढला होता, त्याला 'हिला' एवढंच ऐकू आलं असावं. बाई कप घेऊन बाहेर आल्या तर नवऱ्याने डोळ्याला भिंग लावलेलं, दिवा पुढे ओढलेला आणि टिपकागदावर चार मुंग्या ओळीने निजवलेल्या.

"अहो! काय करताय?"

"बसवतोय की." त्याने मान वर केली नाही. चिमट्याचं टोक मुंगीच्या हनुवटीखाली अलगद गेलं. "यांच्या तोंडाखाली किती घाण अडकते गं! वाळू नुसती गच्च बसलेली असते, वर ती कुसळं. मागच्या वेळी तर एकेकीला किती वेळ लागला मला. पार गुळगुळीत करून दिल्या होत्या तुला."

बाईंनी कप टेबलावर ठेवला.

"कुसळं?"

"गवताची असणार. लांब, वाकडी. एकेक धरून ओढावी लागतात. एक कण राहिला तरी मला चैन पडत नाही. लेन्समध्ये एवढीशी वाळू राहिली तर सगळ्या कॅमेऱ्याची वाट लागते, माहितीये ना तुला?" आता त्याने भिंग काढून बायकोकडे बघितलं. "पाय एकीचाही मोडला नाही. बघितलंस ना?"

"बघितलं," बाई म्हणाल्या.

"आणि टाकलं काही नाही हं. दुकानाचा नियम. यंत्र उघडल्यावर जे जे आतून निघेल ते गिऱ्हाईकाला वस्तू परत मिळेपर्यंत जपून ठेवायचं." तो उठला, खणातून फिल्मची एक जुनी काळी डबी काढली आणि झाकण उघडून बाईंपुढे धरली. तळाशी चिमूटभर तांबडी वाळू होती आणि तिच्यात, खिडकीतल्या उजेडात जेमतेम दिसतील असे, काळे वाकडे केस. एका अख्ख्या जातीच्या दाढ्या त्या डबीत होत्या.

"का गं? चुकलं का काही?"

बाईंना आधी राग आला. भयंकर आला. या माणसाला कुलूपसुद्धा धड बघता येत नाही आणि आपण याच्या हाती आयुष्यातली एकुलती एक मुंगी दिली! पण तो राग पुढे सरकेना. कारण बाटली घरी कुणी आणली होती? ऑफिसात साळसूद आहे म्हणून कुणी आणली होती? जगातल्या प्रत्येक माणसावर पहारा ठेवताना त्यांनी या एकाला तेवढं मोकळं सोडलं होतं, आणि त्याने जीव ओतून काम केलं होतं.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या. "आणि राहू द्या ते. उद्या करा."

डबी त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली. नवऱ्याने "परत आण हं" म्हणून सांगितलं.

ती डबी मोरीत उलटी केली असती तर? बाईंनी हा विचार केला, लपवण्यात अर्थ नाही. स्वयंपाक करताना केला, जेवताना केला, सकाळी केस विंचरतानाही केला. लेख अजून छापून आलेला नव्हता, पण येणार होता. डबी गेली की दाढ्या गेल्या. मग बिळात दोन जाती राहतात म्हणायचं, किंवा साळसूदच्या गळ्यात घोंगडं अडकवून द्यायचं. मुंगी राहिली असती. नवऱ्याचं नाव जगबुडीपर्यंत राहिलं असतं. समोरच्या काकूंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्याला मुंगीवाले म्हणू लागले होते आणि दुकान बंद पडल्यापासून तो पहिल्यांदाच एवढा खुशीत होता.

विभागप्रमुखांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. साळसूद आधीच येऊन बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो उठून उभा राहिला आणि त्याने बाईंसाठी खुर्ची ओढली. विभागप्रमुखांनी घसा खाकरून आरोप सांगितला.

"बाईंच्या कप्प्याला मी हात लावलेला नाही," साळसूद म्हणाला. "दुसरं माझ्याजवळ सांगायला काही नाही."

एवढंच? चिडला नाही, ओरडला नाही. पर्समध्ये डबी असूनसुद्धा बाईंच्या मनातला किडा वळवळलाच. "मग दार लावून कशाला आला होतात?" त्यांनी विचारलं. "अजून कुणाला बोललो नाही म्हणालात, ते कशाबद्दल?"

साळसूदने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"माझ्या आजारी मुंगीचं तुम्ही सभेत सांगितलंत, बाई. बरोबरच होतं तुमचं. पण घरी गेल्यावर मला सारखं वाटत राहिलं, बाईंनी हेच मला आधी बाजूला बोलावून, दार लावून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून दार लावलं." तो थांबला. "तुम्ही स्वतः बघून तो लेख मागे घेतलात, तर कुणाला कळायची गरजच नव्हती. एवढंच म्हणायचं होतं मला."

बाईंनी पर्स उघडली. किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, सगळं चाचपून शेवटी फिल्मची काळी डबी बाहेर काढली आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली.

"दाढ्या यात आहेत, सर. मुंग्या घरी साफ करताना निघाल्या. यांचा काही संबंध नाही."

विभागप्रमुख डबीकडे आ वासून बघत राहिले. "घरी? कुणी साफ केल्या?"

"माझ्या मुंग्यांची जबाबदारी माझी. माझंच नाव लिहा." बाईंनी साळसूदकडे बघितलं. त्याच्याकडे बघून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेले दोन शब्द उच्चारले, आणि ते एवढे जड असतात हे त्यांना तेव्हा कळलं. "जुनीच आहे."

मग थोड्या वेळाने, साळसूदने विचारलं नसताना, त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. आता चुकलं आणि त्या सभेतही चुकलं." साळसूदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं आहे का, असा प्रश्न बाईंना पडला नाही.

लेख मागे घेतल्याचं कळवून बाई घरी आल्या तेव्हा नवरा गॅलरीत वाट बघत होता. त्याने आधी डबीच विचारली. बाईंनी ती त्याच्या हातात दिली. झाकण उघडून, वाळू आणि केस जिथल्या तिथे आहेत हे बघून त्याने ती पुन्हा लावली.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. "ती कुसळं नव्हती. त्यांची दाढी होती ती. तुम्ही काढलीत."

नवरा बसला. डबी हातात फिरवत राहिला. दुकान बंद केलं त्या दिवशी बसला होता तसाच बसला होता, आणि बाईंना वाटलं, आपण हे सांगायला नको होतं. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे बरं होतं, आणि दार त्यांनी आत येतानाच लावून घेतलं होतं.

"म्हणजे माझ्या नावाची मुंगी गेली," तो शेवटी म्हणाला.

"गेली."

"तुझी पण गेली."

"माझी पण."

मग नवऱ्याने समोरच्या घराकडे मान वळवली. "काकूंना काय सांगू आता?"

"सांगा," बाई म्हणाल्या, "तिला दाढी फुटली."

नवरा आधी हसला नाही. मग हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. बाईंनी पर्समधून एक बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. साळसूदने निघताना दिली होती. त्याच्या वाटणीच्या मुंग्या होत्या, बसवायच्या राहिलेल्या. तुमच्या यजमानांचा हात फार सफाईदार आहे, त्यांनाच द्या, फक्त या वेळी तोंड पुसू नका म्हणावं, असं म्हणाला होता.

"मला? एवढं झाल्यावर?" नवऱ्याने बाटली उजेडात धरली. दाढ्यांतून सुटलेली थोडी वाळू तळाशी हलकेच हलली. "तू बसतेस का शेजारी? लक्ष ठेवायला?"

"मी चहा टाकते," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा उकळेपर्यंत त्यांनी एकदाही बाहेर डोकावून बघितलं नाही, असं त्या स्वतः सांगतात.